ऊन न बघितलेलं वांगं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहून पुसलं. कारण यात भरतेश येतो, आणि नाव बदललं तरी सांगलीत सगळ्यांना कळणार. स्वतः वांगं न खाता वांगी पिकवणारा मगदूम एकच आहे. शेवटी त्यालाच विचारलं.

"लिही की," म्हणाला. "नाव पण घाल. फक्त ट्रिमरचं तेवढं लिहू नको."

ट्रिमरचं पुढं येईल.

मी सुयोग. विश्रामबागेत माझं रिपेअरीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, पंप, मोबाईल, काहीही आणा. बारावीनंतर कॉलेजला गेलो नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि वस्तू उघडून शिकलो. झाडांमधलं मला काही कळत नाही. माझ्या हातानं मनीप्लँटसुद्धा मेलाय. झाडं आईची.

आईचं म्हणजे कृष्णाकाठचं वांगं. पांढरट हिरवं, देठाला काटे, भरीत केलं की लोण्यासारखं. पूर ओसरला की लोक घरात साचलेला गाळ बाहेर फेकायचे, आई तो पाटीत भरून गच्चीवर न्यायची. रंगाच्या रिकाम्या बादल्या, त्यात पुराचा गाळ, त्यात वांगी. "नदीनं घर घाण केलं, आता निदान वांगी तरी देऊ दे," म्हणायची.

पुढं आईचे गुडघे गेले. गच्चीचा जिना तिला चढवेना. तिनं बी राखेत घोळलं, कापडात बांधलं आणि भरतेशकडं दिलं. मी समोर उभा होतो. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्याकडं दिलं तर संपलंच."

भरतेश आमच्या मागच्या गल्लीत राहतो. पहिलीपासूनचा दोस्त. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर आहे. त्यांच्या जैन घरात वांगं चालत नाही, त्यात बिया फार म्हणून. पण झाडाला हात त्याचाच चांगला. शाळेत असल्यापासून आईच्या मागं मागं गच्चीवर असायचा.

आता हवामान. जानेवारीत पंखा, एप्रिलमध्ये पूर, दसऱ्याला गारा. आमच्यापेक्षा लहान पोरांना तर वेळापत्रकच माहीत नाही, त्यांना वाटतं असंच असतं. वांग्याला दिवसाचं ऊन चालतं, पण रात्र थंड लागते. रात्रभर उकडलं तर फुलातला पराग मरतो. फूल येतं, थोडे दिवस टिकतं, गळतं. झाड हिरवंगार आणि वांगं एक नाही.

आमच्या भागात गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यांचा एकच नेम. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सगळ्यांनी मिळून भाजी करायची. वांगी, पावटा, घेवडा, गाजर, ओला हरभरा, थंडीत जे जे येतं ते एका पातेल्यात. आणि बाजारचं काही घालायचं नाही. ज्याच्या बादलीत जे आलं तेच. दरवर्षी पातेलं लहान होत गेलं. एका भोगीला तर नुसता पावटा होता. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, वर पंखा फुल.

आणि गेल्या वर्षीच्या भोगीला भरतेश पाटीभर वांगी घेऊन आला.

लोक पाटीभोवती जमले. मंडळातल्या जरीनाचाचींनी एक वांगं हातात घेऊन दाबून बघितलं. "अरे, ही खरी हैत की."

आईनं भाजीतली एक फोड खाल्ली, अजून एक घेतली. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा अशी चव होती."

भरतेशचे कान लाल झालेले मी बघितले. मला वाटलं कौतुकानं.

मंडळ चालवतात नलवडे मॅडम, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांनी तिथंच ठरवलं. हे बी आधीच्या एप्रिलच्या पुरातनं वाचलंय, उकाड्यातनं वाचलंय, म्हणजे हेच आपलं बी. पुढच्या भोगीला सगळ्या घरांत वाटायचं. नदीच्या खालच्या अंगाला दोन गावांत लोकांचं घरचं बी पुरात गेलं होतं, त्यांनाही द्यायचं. मग नर्सरीत रोपं सांगायची गरज नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. नर्सरीवाले पाच-सहा महिने आधी सांगितल्याशिवाय आता रोपं देत नाहीत. न सांगता बसलो आणि भरतेशचं बी फसलं, तर त्या हंगामात कुणाच्याच बादलीत काही नाही. आपलं ठीक आहे, आपण बाजारात जाऊ. खालच्या गावांत परसातल्या भाजीवर घर चालतं.

---

आता माझं मशीन.

एका पॅथॉलॉजी लॅबनं जुना डीएनए वाचक भंगारात काढला होता. काडेपेटीएवढी वस्तू, मोबाईलला लावायची. लॅबवाले त्यानं ताप कुठला ते बघायचे. मी तो उघडला, नवीन पडदा बसवला आणि चालू झाला. हा पडदा म्हणजे एक पातळ पापुद्रा, त्याला इतकी बारीक भोकं की डीएनएचा एकच धागा एका वेळी आत जातो. धागा सरकताना भोकातला करंट हलतो. त्या हलण्यावरनं अक्षरं कळतात. अक्षरं म्हणजे झाड कुठल्या घराण्यातलं ते.

पण धाग्यावर अक्षरांशिवाय गाठी पण असतात. झाडाला ऊन फार लागलं, मुळं पाण्यात कुजली, थंडी बसली, की झाड त्या त्या जागी छोट्या रासायनिक गाठी मारतं. अक्षर तेच, पण ते वाचायचं की झाकायचं ते गाठ ठरवते. बी तयार होताना बऱ्याच गाठी सुटतात. काही राहतात. आणि ज्या राहतात त्यावरनं कळतं की या बियाच्या आईनं काय काय सोसलंय. किती राहतात यावर मोठ्या लोकांत अजून भांडणं आहेत. वांग्यात बऱ्यापैकी राहतात, एवढं मी बघितलंय.

कुठली गाठ कशाची हे मला मंडळानं शिकवलं. म्हणजे आपण शिकवतोय हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्याकडं जुन्या बियांच्या पुड्या होत्या आणि प्रत्येकाला आठवत होतं, हे गारांच्या वर्षाचं, हे पुराच्या वर्षाचं. मी पुड्या वाचल्या, प्रोग्रॅमला शिकवलं. काही महिन्यांत मशीन बी बघून सांगायला लागलं, याच्या आईनं दोन उन्हाळे काढलेत, एकदा पाण्यात उभी होती.

लोकांना आवडलं. मग लोकांचं डोकं चाललं.

एकजण जावेनं दिलेलं बी घेऊन आली. "बघ रे, ती म्हणते माहेरचं आहे." नर्सरीचं निघालं. जावा अजून बोलत नाहीत. जरीनाचाचींची "आमच्या गावची" मिरची पॉलीहाऊसमधली निघाली. चाची दुकानात येऊन म्हणाल्या, "तुझं ते मशीन हाय का सासू?" मी दुकानावर बोर्ड लावला, ज्याचं बी त्यानंच आणावं. तरी लोक यायचेच.

पुढची भोगी जवळ आली तशी नलवडे मॅडमनी भरतेशच्या बियांची पुडी आणून दिली. "सगळ्यांना वाटण्याआधी वाचून दे. किती पूर, किती उन्हाळे, ते छापून प्रत्येक पुडीवर लावू. लोकांना बरं वाटेल."

मी बोर्डाकडं बघितलं. मग म्हणलं, भरतेशचंच तर आहे.

वाचलं.

अक्षरं आईच्या बियाशी तंतोतंत जुळली. घराणं तेच. पण पुराची गाठ नाही. उन्हाची नाही. एकाही उकाड्याच्या रात्रीची खूण नाही. या वांग्याच्या आईनं आयुष्यात कधी घाम गाळला नव्हता. वर एक भलतीच रेघ दिसत होती, जी मी कधी बघितली नव्हती. परत वाचलं. परत तेच.

ती रेघ दुसरीकडं कुठं आहे का म्हणून सगळ्या जुन्या वाचनांत शोधली. एकाच ठिकाणी सापडली. तासगावच्या एका बाईंच्या मिरचीत. फोन केला, मिरची कुठं लावलेली विचारलं.

"शेडच्या मागं," बाई म्हणाल्या. "बेदाण्याला गंधकाची धुरी देतात की, तिथंच. का, तिखट नाही का?"

बेदाणा. गंधक. मी फोन ठेवला आणि गाडी काढली.

---

कोल्ड स्टोरेजमध्ये मुख्य खोल्यांच्या आधी एक लांब खोली असते. पेट्या आत-बाहेर करताना एकदम गरम हवा लागू नये म्हणून. तिथं मरणाची थंडी नसते, आपल्या लहानपणच्या डिसेंबरसारखी असते. सगळीकडं बेदाण्याचा गोड आणि गंधकाचा उग्र, असा मिळून वास. मी आत गेलो तर पेट्यांच्या थप्पीमागं जांभळा उजेड.

रंगाच्या बादल्या. पुराचा गाळ. वांगी.

भरतेश वाकून एका फुलाला दाढीचा ट्रिमर लावून उभा होता. इथं ऊन नाही, म्हणून ते जांभळे दिवे. मधमाशीही येत नाही. वांग्याचं फूल थरथरल्याशिवाय पराग सोडत नाही. म्हणून ट्रिमर.

त्यानं मला बघितलं. ट्रिमर चालूच.

"मशीननं सांगितलं?" म्हणाला.

"गंधकाची रेघ आली."

"बोर्ड लावलायस ना रे दुकानावर."



त्यानं ट्रिमर बंद केला, एक पेटी सरकवली. बसलो. थंडीनं माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. कधीपासून आला नव्हता.

"एप्रिलच्या पुरात घरात पाणी नाही आलं," तो म्हणाला, "पण तीन आठवडे पाऊस. बादल्या डबडबल्या. मुळं कुजली. नंतर ऊन पडलं ते असं की राहिलेली उभी वाळली. काकूंचं सगळं बी मी एकदम पेरलेलं. एक रोप राहिलं लगा. दोन पानं. ते डब्यात घालून इथं आणलं."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू काकूंना सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं."

"मग." तो फुलाकडं बघत होता. "त्या रोज विचारायच्या. वांगी कशी आहेत. मी म्हणायचो मजेत. आता मजेत आहेत म्हणून बसलो आणि त्यांना अर्ध्या तासानं सांगू, मेली?"

"म्हणून तुमच्या गच्चीचा जिना मोडलाय, वर येऊ नका म्हणत होतास सगळ्यांना."

"जिना चांगला आहे."

मला हसू आलं. त्यालाही आलं.

"हे वाटून चालणार नाही भरत्या," मी म्हणलं. "यानं रात्रीचा उकाडा बघितलेलाच नाही. बाहेर लावलं की फुलं गळणार. आणि लोक नर्सरीत सांगायचं थांबलेत."

"मला काय कळत नाही? मॅडमना दोनदा म्हणलो, अजून एक वर्ष थांबू. त्यांना वाटलं मी लाजतोय."

"मग मी सांगू?"

कॉम्प्रेसर चालू झाला, बंद झाला.

"माझं नाव न घेता सांगता येतं का बघ," म्हणाला. "नाही आलं तर सांगून टाक. फक्त काकूंच्या समोर नको."

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. न बघताच म्हणाली, "मॅडमनी भरतेशचं बी दिलंय म्हणे वाचायला. काय म्हणालं मशीन?"

"अजून वाचतंय."

"लई वेळ लावतंय," आई म्हणाली. "पूर पण मोठाच होता."

जेवण गेलं नाही. भरतेशचं नाव न घेता कसं सांगायचं याचा विचार करत होतो. बी खराब आहे म्हणावं तर आईचं बी खराब म्हणल्यासारखं. मशीन बिघडलं म्हणावं तर लोक म्हणणार, मग नुसतंच पेरू. काही न म्हणावं तर दोन गावांच्या परसात नुसती पानं. आणि मशीनचं एक असं की त्याला अर्धं सांगता येत नाही. ते मी शिकवलेलंच नाही.

---

भोगीला नलवडे मॅडमच्या पार्किंगमध्ये जमलो. पातेलं चुलीवर, कुलर लावलेला. भरतेश पाटी घेऊन आला, वांगी गेल्या वर्षीपेक्षा जास्त. आईला मी खुर्चीवर आणून बसवलं होतं. टेबलावर बियांच्या पुड्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर मोकळी जागा, माझ्या वाचनासाठी.

"हं, सुयोग," मॅडम म्हणाल्या. "सांग. किती पूर बघितलेत आपल्या बियानं?"

मी तोंड उघडलं. अजून सांगतो, काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं.

"एकही नाही," भरतेश म्हणाला.

तो पाटी हातात घेऊनच उभा होता. खाली ठेवायचं सुचलं नसावं. "गच्चीवरची सगळी मेली. त्याच एप्रिलला. ही कोल्ड स्टोरेजमधली आहेत. एसीतली म्हणा. ऊन बघितलेलं नाही यांनी. ही वाटू नका. नर्सरीत फोन करा, उद्याच करा, अजून घेतील." मग आईकडं बघून, "काकू, एकच रोप राहिलं होतं. तुमचंच आहे. पण बाकीची मेली."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"म्हणजे," जरीनाचाची म्हणाल्या, "माझ्या मिरचीला नावं ठेवत होतास तू."

"मी नाही, हा," भरतेश माझ्याकडं मान करून म्हणाला.

कुणीतरी हसलं. नलवडे मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकेक पुडी उचलून पिशवीत भरायला घेतली, मोबाईल काढला आणि नर्सरीला फोन लावत गेटबाहेर गेल्या. त्यांचा राग पुढं बरेच दिवस होता. भरतेशनं तो घेतला, तक्रार केली नाही.

आईनं भरतेशला हातानं जवळ बोलावलं.

"मेली तेव्हा का नाही सांगितलंस रे?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. रडले असते थोडी. मग तुला चहा दिला असता." तिनं पाटीतलं एक वांगं घेतलं, देठाचा काटा बोटानं चाचपला. "दोन वर्षं मी एकटी मजेत होते म्हण की. तू एकटाच रडत बसलास त्या फ्रीजमध्ये."

पाटी मी त्याच्या हातातनं घेतली.

भाजी झाली. चव गेल्या वर्षीचीच, आईच्या लग्नातली. आता सगळ्यांना माहीत होतं ती कुठनं आली. तरी पातेलं पुसून खाल्लं. भरतेशनं नेहमीप्रमाणं वांगी बाजूला काढून पावटा खाल्ला.

---

पुढं काय करायचं ते मीच सुचवलं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

गाठी एकदम बसत नाहीत. ऊन न बघितलेलं रोप थेट गच्चीवर ठेवलं तर मरणार. पण थोडं थोडं बाहेर काढलं, आधी सकाळचं ऊन, मग दुपारची सावली, मग एखादी उकाड्याची रात्र, तर जे राहील त्याच्या बियात थोडी आठवण उतरते. त्या बियाचं रोप अजून थोडं जास्त सोसतं. किती पिढ्या लागतील सांगता येत नाही. जमेलच असंही नाही. पण कोल्ड स्टोरेजमधली झाडं तिथंच राहणार, जुनी थंडी विसरू द्यायची नाही म्हणून. मालकानं बघितलं सगळं. म्हणाला, भोगीला मला पण बोलवा.

बाहेर आणायचं पहिलं रोप आमच्या गच्चीवर. आईनंच सांगितलं. "सुयोगकडं द्या. याच्याकडं राहिलं तर कुणाकडंही राहील."

काल संध्याकाळी भरतेश ते घेऊन आला. चार पानं, रंगाच्या बादलीत. आईला जिना जमत नाही, म्हणून तिनं खालूनच विचारलं, "ठेवलं का?" आम्ही वरनं ओरडलो, ठेवलं. हवा अशी होती की जानेवारी म्हणावं का मे, ठरवता येत नव्हतं.

भरतेशनं बादली भिंतीच्या सावलीत सरकवली. परत थोडी बाहेर ओढली. परत आत.

"राहू दे की," मी म्हणलं.

"पाणी सकाळीच घाल. दुपारी नको. आणि तुझं ते मशीन याला लावू नको एवढ्यात."

"तू आणल्याशिवाय तुझं एकही बी लावणार नाही. बोर्डच आहे तसा."

"बोर्ड आधीपण होता." तो जिन्याकडं निघाला, एक पायरी उतरला, थांबला. रोपाकडंच बघत होता. "सुयोग, हे मेलं तर?"

पहिल्यांदा मनात आलं ते, नाही मरत रे. तेच बोलणार होतो. मग त्याचा दोन वर्षांचा "मजेत" आठवला.

"मेलं तर त्याच दिवशी तुला सांगीन," मी म्हणलं. "आधी तुला, मग दोघं मिळून आईला. आणि चहा मी करीन."